दोनशे चाळिसावा शब्द

आनंदीबाई भोईर गेल्या त्या दिवशी त्यांची साखळी दोनशे अकरा दिवसांची होती. साखळी सोन्याची नव्हे. तशी असती तर पुढे काय करायचं हे अंजूर गावात कोणाला शिकवावं लागलं नसतं. ही साखळी मोबाइलवरची होती. ‘तीन चौकटी’ नावाचा खेळ. रोज सकाळी दहाला तीन अक्षरांचा नवा शब्द येतो, तो ओळखायला सहा डाव मिळतात. टाकलेलं अक्षर जागेवर बसलं तर चौकट हिरवी होते, जागा किंवा काना-मात्रा चुकली तर पिवळी, आणि अक्षर शब्दात नसलंच तर काळी. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि माणूस पुन्हा एकावर येतो.

नात क्षितिजाने हा खेळ आजीच्या मोबाइलवर टाकून दिला होता. खेळातच ‘भोईर परिवार’ असा गट केला होता, त्यात प्रत्येकाचा निकाल आपोआप दिसायचा. शब्द नव्हे, नुसत्या रंगीत चौकटी. सुरुवातीला गटात बावीस माणसं खेळत होती. महिन्याभरात वीस गळली. कोणाला वेळ नव्हता, कोणाला खेळ पोरकट वाटत होता, म्हणजे शब्द येत नव्हता. आनंदीबाईंचा निकाल मात्र रोज दुपारी दोनच्या सुमाराला हजर. पहिली ओळ कायम वाया, आणि मग चौथ्या-पाचव्या डावात तिन्ही चौकटी हिरव्या.

“बाहत्तर वय हाय आमच्या आयेचं,” त्यांचा मुलगा मनोज भेटेल त्याला सांगायचा. “चौथीपरेंत शिकलीय. पण डोका बग!” मनोजची अंजूरला तीन गोदामं आहेत. आईचं कौतुक तो गोदामाच्या गेटवर उभा राहून करायचा. घरात बसून करायला त्याला सवड नव्हती.

आनंदीबाई एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर गोणपाट टाकून माणसं बसलेली असताना क्षितिजाच्या मोबाइलने ‘टिंग’ केलं. तिने पाहिलं, आणि न बोलता मोबाइल बापाच्या हातात दिला.

‘आई – पाचव्या डावात. साखळी २१२.’

पहिली ओळ वाया. पाचवी ओळ हिरवीगार. अगदी आनंदीबाईंच्या पद्धतीने.

“तू खेळलीस कं?” मनोजने विचारलं.

“मी कशाला? मला आजीचा पासवर्डसुद्धा माहीत नाही.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. दुपारचे दोन वाजायला आले की ओसरीवरची माणसं हळूहळू गप्प होत, आणि समोरच्या रस्त्यावर मागे जाणाऱ्या एखाद्या ट्रेलरचा टीं-टीं आवाज तेवढा राही. मग ‘टिंग’ होई. एका चुलतीने गटातून नाव काढून घेतलं. मनोजने जावयांना विचारलं, भाच्यांना विचारलं, भिवंडीच्या मोबाइलवाल्याला विचारलं. फक्त कमळाला विचारलं नाही. कमळा म्हणजे मनोजची बायको. घरात कोणती वस्तू कुठे आहे, एवढंच कमळाला विचारायचं असतं, असा त्या घरात पंचवीस वर्षांचा रिवाज होता.

“जीव अडकलाय तिचा,” सावळाराममामा म्हणाले. हे आनंदीबाईंचे धाकटे भाऊ. दिसायला काटक, बोलायला कडक. “दहाव्याला बग. कावळा काय सांगतो ते बग.”

कावळ्याने काहीच सांगितलं नाही, हीच तर पंचाईत झाली.

दहाव्या दिवशी खाडीच्या काठी पिंड ठेवला. तिवराच्या फांदीवर एकच कावळा बसला होता. एरवी अंजूरच्या खाडीवर कावळ्यांना तोटा नाही, पण त्या सकाळी एकच. तो पिंडाकडे पाहतच नव्हता. तो मनोजकडे पाहत होता.

“बोल काहीतरी,” मामांनी ढोसलं. “शब्द दे तिला.”

मनोजने हात जोडले. “आये, तुला एकवीरेला नेईन बोल्लो होतो, ऱ्हायला. तुझा फोटू घेऊन जाईन.” कावळा ढिम्म. “आये, क्षितिजाचा लगीन जोरात करीन.” कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली. “आये, देवलाच्या पायऱ्या बांधीन. सगल्या बांधीन!” कावळ्याने चोच फांदीला घासली.

खरं सांगायचं तर हे सगळे शब्द मनोजने आई जिवंत असतानाच तिला दिलेले होते, आणि ते सगळे जागच्या जागी पडून होते. कावळ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. पण त्याच्या बसण्यात एक माहितगारपणा होता, हे भटजींनीही नंतर कबूल केलं.

अर्धा तास गेला. भटजी घड्याळ पाहू लागले. भरती चढू लागली, पिंडाच्या पानापर्यंत पाणी आलं. शेवटी मनोज रडकुंडीला येऊन म्हणाला, “आये, तुझी ती साखली... ती मी तुटू देनार न्हाय. वर्सश्राद्धापरेंत रोज खेलीन. बास?”

कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली, एक घास उचलला, आणि जाताना पंखाचा वारा मनोजच्या ताज्या गोट्यावर घालून गेला.

बायकांच्या घोळक्यात कमळाने तोंडाला पदर लावला. ती रडत होती की आणखी काही, हे लांबून कळत नव्हतं.

“झालं,” मामा खालच्या आवाजात म्हणाले. “शब्द घेतला तिनं. आता मोडलास तर ती घर सोडाची न्हाय, मन्या. तुझ्या उरावर बसंल.”

घरी आल्या आल्या मनोजने आईचा मोबाइल तिच्या लोखंडी कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. पासवर्ड मात्र त्याला ठाऊक नव्हता. त्याने काही न सुचून स्वतःचा जन्मदिवस टाकला, आणि मोबाइल उघडला. त्याला बरं वाटण्याऐवजी अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात बसून पहिला डाव खेळला. ‘गोदाम.’ तिन्ही काळ्या. ‘करार.’ पिवळं काहीतरी आलं. ‘शटर.’ ‘मोजणी.’ ‘ट्रेलर.’ मनोजच्या डोक्यातले सगळे तीन अक्षरी शब्द गोदामाच्या कंपाउंडात संपत होते. पाच डाव गेले. दोन, म्हणजे आईची वेळ, व्हायला दोन मिनिटं होती. आणि समोरच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला.

“उंबऱ्यावर नका बसू ओ,” आतून कमळा म्हणाली. “आई असत्या तर वरडल्या असत्या.”

मनोजच्या कानावर ते पडलं, पण बायकोचं बोलणं त्याच्या कानावर पडतं तसं, म्हणजे पत्र्यावर पडल्यासारखं. बोट आपोआप हललं. ‘उंबरा.’

हिरवी. हिरवी. हिरवी.

त्याने खाली पाहिलं. तो ज्यावर बसला होता तो काळ्या ग्रॅनाइटचा उंबरा होता. चार वर्षांपूर्वी बंगला बांधताना आईचा सागवानी उंबरा काढून त्याने मागच्या शेडमध्ये टाकला होता. आई एकच वाक्य बोलली होती, “लक्षुमीला ओळखीचा उंबरा लागतो.” त्यावर तो हसला होता. आता त्याला हसू येईना.

संध्याकाळपर्यंत मनोजने जुना उंबरा धुऊन आणला आणि ग्रॅनाइटच्या वरच सिमेंटने बसवून टाकला. दारात एक फूट उंचीचा बांध तयार झाला. दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला आलेले सावळाराममामा त्याला अडखळून थेट दिवाणखान्यात पोचले आणि कपाळावर टेंगूळ घेऊन परत गेले. “बहीण हाय घरात,” ते रिक्षात बसताना म्हणाले. “तिनंच पाडला. माझ्यावर राग होता तिचा.”

आठवड्याभराने ‘कलम’ आलं. तेही सहाव्या डावात. त्या दिवशी कमळा कपडे वाळत घालता घालता म्हणाली होती, “दारातलं आंब्याचं कलम होतं तवा दुपारची सावली तरी यायची.” तीन नंबरच्या गोदामाला रस्ता हवा म्हणून मनोजने ते कलम तोडलं होतं. त्याने त्याच संध्याकाळी अंबाडीच्या नाक्यावरून हापूसचं रोप आणलं आणि निळ्या पिंपात लावलं. रोज सकाळी तो त्याला पाणी घालायचा आणि इकडेतिकडे बघून हळूच “चुकला माजा” म्हणायचा.

मधल्या दिवसांत ‘चमचा’, ‘पगडी’, ‘बदक’ असले निरुपद्रवी शब्दही आले होते. पण भ्यालेला माणूस आपल्या भीतीला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो. बदकाच्या दिवशी तर कमळा भाकरी थापताना मधेच म्हणाली, “आपण एखादं बदक पाळू या का?”

“याड लागला कं तुला?” मनोज खेकसला, आणि पुढच्या डावाला त्याने ‘बदक’ टाकलं. हिरवी, हिरवी, हिरवी. तेव्हाही त्याने मान वर करून छताकडेच पाहिलं, स्वयंपाकघराकडे नाही.

साखळी दोनशे एकोणचाळीसवर आली त्या सोमवारी शब्द होता ‘विहीर’.

आईची विहीर तीन नंबरच्या गोदामाखाली होती. भराव टाकला त्या दिवशी आई न जेवता झोपली होती. उंबरा परत आणता येतो, कलम पुन्हा लावता येतं. बुजवलेली विहीर कुठून आणायची? तिच्यावर आता ऑनलाइन माल पाठवणाऱ्या एका कंपनीची रॅकची चौदावी रांग उभी होती.

“विहीर होती तवा भांडी कशी लखलखायची,” कमळा त्या दुपारी म्हणाली होती. ते सोडा. तिला दुसऱ्या दिवशी क्षितिजाला घेऊन दिघाशीला माहेरी जायचं होतं, भावाच्या घरी पूजा होती.

मंगळवारी सकाळी माय-लेकी दिघाशीला गेल्या. मनोजने घराला कुलूप लावलं, नारळ, कापूर, हळदकुंकू पिशवीत घातलं आणि तो तीन नंबरला निघाला. दहाला आलेला शब्द परत येऊन खेळू, असं त्याने ठरवलं. आधी आईची माफी.

दुपारची सुट्टी होती. कामगार बाहेर जेवत होते. आत रांगांमागून रांगा, छतापर्यंत खोके, आणि इतकी शांतता की आपलीच चप्पल कोणीतरी मागून वाजवतंय असं वाटावं. वॉचमन रामसजीवन सोबत आला होता. तो चार पावलं मागेच थांबला.

“सेठ, हम यहाँ रात पाली में नहीं आते,” तो कुजबुजला. “चौदा नंबर में ठंडा लगता है. नीचे से.”

“क्या है नीचे?”

“वो आप ही को मालूम. भरवाया तो आपने.”

मनोजने अंदाजाने जागा धरली. जमिनीवर ठेवलं तर ट्रॉली जाते, म्हणून त्याने रॅकच्या खालच्या खणात दोन खोक्यांच्या मधे ताटली ठेवली, नारळ ठेवला, भरपूर कापूर रचला आणि पेटवला. “आये,” तो डोळे मिटून म्हणाला, “तुझी ईर मी बुजवली. माझ्याकडून चूक झाली. तुला पानी पायजे तर...”

वर कुठेतरी ‘टिक्’ असं वाजलं.

प्रत्येक खणाच्या वर आग विझवण्याचा एक फवारा असतो आणि त्याच्या तोंडाशी लाल काचेची कुपी असते. ती तापली की फुटते. हे गोदाम बांधून देणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. मनोजला त्या क्षणी एवढंच कळलं, की बुजवलेल्या विहिरीच्या बरोब्बर जागेवर, भर दुपारी, आभाळ नसताना, पाणी कोसळायला लागलं.

“सेठ!” रामसजीवन ओरडला. “कुआँ आ गया!” आणि पळाला.

चौदाव्या रांगेत तान्ह्या बाळांचे डायपर होते. पाणी प्यायचं हेच ज्या वस्तूचं आयुष्यातलं काम, ती वस्तू खणन् खण भरून ठेवलेली. खोके ते पाणी पिऊ लागले. अर्धवट अंधारात एकेक खोका श्वास घेतल्यासारखा फुगत गेला, मग ‘भक्क’ करून फुटला आणि त्यातून पांढरं, मऊ, फुगलेलं काहीतरी बाहेर सरकू लागलं. भक्क. भक्क. मनोज भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होता. बाहेरून धावत आलेले कामगार दारातच थबकले. एकाने चप्पल काढली. मग सगळ्यांनी काढल्या.

कंपनीचा मॅनेजर प्रितेश अंबाडीचा, वयाने लहान पण टाय लावणारा. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून म्हणाला, “मनोजदादा, गोदामात कापूर?”

“आयेची ईर हाय इथं.”

“करारात नव्हती.”

“करारात कशी असंल? ती खाली हाय!”

पुढे फायर ऑफिसर आला, फोटो निघाले, जबाब झाला, पाणी उपसणं सुरू झालं. कामगार बायकांनी चौदाव्या रांगेत काम करायला साफ नकार दिला. एकीने तर खांबाला हळदकुंकूही लावलं. मनोज संध्याकाळी घरी गेला तो ओल्या कपड्यांत पलंगावर पडला आणि मेल्यासारखा झोपला. सकाळी आठला प्रितेशचा फोन, पुन्हा जबाब. दोघं गेटवर बसलेले असताना रामसजीवनने चहा आणला.

“दस बज गए, सेठ. कल से कुछ खाया नहीं आपने.”

दहा. मनोजच्या हातातला कप खाली पडला.

दहा वाजले म्हणजे नवा शब्द आला. म्हणजे कालचा गेला. म्हणजे काल त्याने मोबाइल उघडलाच नव्हता. दोनशे एकोणचाळीस दिवसांची साखळी, खाडीच्या काठावर दिलेला शब्द, कावळ्याने उचललेला घास, सगळं एका फवाऱ्यात वाहून गेलं होतं. आयुष्यात आईला दिलेला एकच शब्द तो पाळत होता, आणि तोही आईचीच माफी मागण्याच्या नादात मोडला.

त्याने स्वतःच्या मोबाइलवर गट उघडला.

‘आई – पहिल्या डावात. साखळी २४०. काल दुपारी २ वाजून ५ मिनिटे.’

एकच ओळ. हिरवी. हिरवी. हिरवी.

दोन वाजून पाच मिनिटांनी चौदाव्या रांगेत पाणी कोसळत होतं.

मनोज घरी कसा आला त्याला आठवत नाही. घराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत आईच्या खोलीत कपाट बंद. करदोड्याची किल्ली लावून त्याने दार उघडलं. मोबाइल पातळांच्या घडीवर पालथा पडला होता. त्याने बटण दाबलं. उजेड आला नाही. चार्जिंग संपून तो बंद पडलेला होता.

त्याने मोबाइल होता तिथे ठेवला, उलट्या पावली खोलीबाहेर आला, जुन्या उंबऱ्याला अडखळून अंगणात पडला, आणि पडला तिथेच बसून राहिला.

कमळा बाराच्या सुमाराला रिक्षातून उतरली. क्षितिजा नाक्यावरूनच कॉलेजला गेली होती. नवऱ्याला मातीत बसलेला बघून तिने पिशवी खाली ठेवली. “काय ओ, क्षितिजाचे पप्पा? काय झालं?”

मनोजने सगळं सांगितलं. उंबरा, कलम, विहीर, फवारा, सगळं. “आयेच खेलतेय, कमळे,” तो म्हणाला. “पयल्यापासून तीच खेलतेय. मला एकेक शब्दानं सोलतेय.”

कमळा त्याच्याशेजारी मातीतच बसली.

“उंबरा मी सांगितला,” ती म्हणाली.

“काय?”

“उंबरा, कलम, विहीर. रोज मीच सांगत होते. तो खेळ माझ्या पण मोबाइलवर घेतलाय मी, गटाबाहेर. आधी मी सोडवायचे, मग तुमच्या बाजूला येऊन बोलायचे. बदकाच्या दिवशी जीव गेला माझा! बदकाचा विषय काढायचा कसा, सांगा?”

मनोज तिच्याकडे पाहत राहिला. “तुला येतो हा खेल?”

“बारावी झालेय मी. तुम्ही बघायला आलात तवा सांगितलं होतं बाबांनी.” तिने बांगड्या मागे सारल्या. “आणि आईंना वाचता यायचं न्हाय.”

“काय बोलतंस! चौथी शिकली ती. सह्या करायची—”

“अंगठा द्यायच्या.”

“रजिस्ट्रारकडं सगल्यांचाच अंगठा घेतात!”

“म्हणून तर तुम्हाला कळलं न्हाय.” कमळाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती, आणि ती जास्त लागली. “दुपारी भांडी झाली की आम्ही दोघी बसायचो. अक्षरं माझी, शब्द त्यांचे. मी सांगायचे, आई, शेवटी ‘ळी’ हाय, मधे ‘र’ न्हाय. त्या डोळे मिटायच्या आणि असे असे शब्द काढायच्या, माझ्या पुस्तकात पण नसतील. नाव त्यांचं लावलं. सून मोबाइल घेऊन बसली तर घर बोलतं, सासू बसली तर कौतुक होतं. पासवर्ड पण त्यांनीच सांगितला, माझ्या मन्याचा जन्मदिवस टाक म्हणून.”

मनोजने खाली मान घातली.

“मंग गेल्यावर ते दहा दिवस?”

“मीच खेळले.” तिचा आवाज बारीक झाला. “दोन वाजले की ऱ्हावायचं न्हाय. वाटायचं, साखळी तुटली तर त्या खरंच गेल्या. घाटावर कावळा खाली आला ना, तवा मला कळलं. त्या तुमच्यासाठी अडल्या नव्हत्या. माझा खेळ बंद पडंल म्हणून अडल्या होत्या. आणि तुम्ही मोबाइलच कुलपात टाकलात.”

भिंतीवर कावळा येऊन बसला. दोघांनीही पाहिलं, दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

मनोजने हळूहळू सुटकेचा श्वास सोडला. छातीवरचं मोठं ओझं उतरलं होतं. “म्हंजे कालचा पण तूच खेललीस. कपाटाची दुसरी किल्ली तुझ्याकडं हाय.”

“हाय. माझ्या जुडग्यात. आणि जुडगा दिघाशीला, माझ्या कमरेला.” कमळा त्याच्याकडे बघू लागली. “माझ्या माहेरी नेटवर्क लागत न्हाय. आज नाक्यावर उतरल्यावर क्षितिजाच्या मोबाइलवर निकाल दिसला. मला वाटलं, तुम्ही खेळलात. पहिल्या डावात कसं जमलं, तेच विचारणार होते.”

“मी ईरीवर होतो.”

“क्षितिजा माझ्याबरोबर होती.”

रस्त्यावर एक ट्रेलर मागे येत होता. टीं. टीं. टीं. तो थांबल्यावर फारच शांत झालं.

दोघं एकमेकांचा हात धरून घरात गेली. पंचवीस वर्षांत हा प्रसंग प्रथमच येत होता. कमळाने मोबाइल काढून चार्जिंगला लावला. दोघं उभ्या उभ्या पडद्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने उजेड आला. मनोजने स्वतःचा जन्मदिवस टाकला. कमळाने खेळ उघडला. कालचं पान उघडलं.

कमळा मट्कन पलंगावर बसली.

“काय झाला? काय लिवलाय?”

“आई रोज पहिला शब्द एकच टाकायला लावायच्या,” ती म्हणाली. “रोज. दोनशे अकरा दिवस. मी सांगायचे, आई, तो नका टाकू, फुकट डाव जातो, असला गावठी शब्द ते लोक कशाला देतील? त्या बोलायच्या, टाक तू. येईल एक दिवस. आला तर पहिल्या डावात येईल.”

मनोजने मोबाइल तिच्या हातातून घेतला. हिरव्या तीन चौकटींत तीन अक्षरं होती.

‘म्हावरा.’

मनोज बाहेर आला, स्कूटर काढली आणि बाजारात गेला. बुधवार होता, मासळीचा, म्हणजे म्हावऱ्याचाच वार. तासाभरात खाडीतली ताजी निवटी घेऊन आला. कमळाने ती तळली. मनोजने केळीच्या पानावर दोन तुकडे, भात आणि लिंबाची फोड ठेवून पान भिंतीवर नेलं.

कावळा होता तिथेच होता. पानाकडे बघेना. मनोजकडे बघत होता.

“आये,” मनोज हात जोडून म्हणाला, “उद्यापासून रोज मी सोता—”

कावळ्याने मान फिरवली.

“आये, चौदावी रांग मोकली करून ईर पुन्हा—”

कावळ्याने चोच भिंतीला घासली.

“बाजूला व्हा,” कमळा मागून म्हणाली. पदराला हात पुसत ती भिंतीपाशी आली. कावळ्याकडे न बघता, एखाद्या शेजारणीला सांगावं तसं तिने सांगितलं, “दोन वाजतायत, आई. आजचा शब्द अजून बाकी हाय. मी बसतेय. पण पहिला शब्द आता दुसरा शोधा, तो संपला.”

कावळ्याने निवटीचा मोठा तुकडा उचलला आणि तो आंब्याच्या पिंपाच्या काठावर जाऊन बसला.

मनोजने सदरा वर केला, करदोड्याची गाठ सोडली आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.